साडेआठ रुपये कमी पडले तेव्हा

2 जुलै 2023, रविवार. सकाळी भाजी निवडत बसले होते आणि मोबाइलवर मेसेज आला: खात्यात पुरेशी रक्कम नसल्यानं 3,140 रुपयांचा हप्ता परत गेला आहे. आधी वाटलं, हा फसवणुकीचाच मेसेज असणार. स्कूटरच्या हप्त्याचे पैसे मी 28 जूनला, आषाढीच्या आदल्या दिवशी, आठवणीनं त्या खात्यात टाकले होते. ॲप उघडलं. शिल्लक 3,131 रुपये 50 पैसे. साडेआठ रुपये कमी.

पुढच्या साडेतीन महिन्यांत या साडेआठ रुपयांचे अडीच हजार झाले. त्यातले बरेचसे परत मिळाले. ते कसे मिळाले हे लिहून ठेवते आहे, कारण जुलैमध्ये मी हेच शोधत होते आणि मराठीत काही सापडत नव्हतं.

थोडं मागचं सांगते. मी पुण्यात एका खासगी कंपनीत होते. पगाराचं खातं कंपनीनंच एका खासगी बँकेत उघडून दिलेलं. जानेवारी 2023 मध्ये नोकरी सोडून आम्ही साताऱ्याला, सासरी आलो. सासूबाईंचं आजारपण होतं. इथे मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. रोजचे व्यवहार दुसऱ्या, सरकारी बँकेच्या खात्यातून व्हायचे. स्कूटरचा हप्ता मात्र जुन्या पगाराच्या खात्यालाच जोडलेला होता. तो बदलून घ्यायचं डोक्यात होतं, पण दवाखान्याच्या फेऱ्यांत राहून गेलं. दर महिन्याला यूपीआयनं हप्त्यापुरते पैसे तिकडे पाठवायचे, एवढंच करत होते.

जूनमध्ये पैसे टाकल्यावर शिल्लक 3,146 रुपये 20 पैसे होती. म्हणजे हप्त्यापेक्षा सहा रुपये जास्तच. तिमाही संपताना 3 रुपये व्याज जमा झालं आणि त्याच दिवशी एसएमएसच्या सेवेचे 15 रुपये अधिक जीएसटी असे 17 रुपये 70 पैसे कापले गेले. त्या कापणीनं गणित चुकलं. रविवारी बँका बंद, तेव्हा हप्ता सोमवारी जाईल, अशीही माझी समजूत होती. 1 ऑगस्ट 2021 पासून खात्यातून आपोआप हप्ते कापणारी एनएसीएच (NACH) ही यंत्रणा रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही चालू असते, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या हप्त्याची तारीख रविवारी येत असेल तर पैसे शनिवारपर्यंत खात्यात हवेत, आणि नेमके हप्त्याएवढे नकोत. शंभर-दोनशे वर ठेवा.

मेसेज आला तशी मी लगेच 20 रुपये टाकले. पुन्हा प्रयत्न होईल आणि हप्ता जाईल, असं वाटलं. सोमवारी बँकेनं हप्ता परत गेल्याचे 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 590 रुपये कापले. आता खात्यात हप्त्याएवढे पैसे उरलेच नाहीत. शुक्रवारी, 7 तारखेला, फायनान्स कंपनीनं हप्ता पुन्हा लावला. मला काही न कळवता. तो परत गेला आणि आणखी 590 गेले. म्हणजे दुसऱ्यांदा हप्ता परत जाण्याचं कारण बँकेचाच पहिला चार्ज होता. मी शनिवारी कंपनीच्या ॲपवरून हप्ता थेट भरून टाकला. त्यांचे हप्ता चुकल्याचे 450 वेगळे भरावे लागले.

एवढ्यावर थांबेल असं वाटलं होतं. 12 जुलैला आणखी 678 रुपये गेले. किमान सरासरी शिल्लक न ठेवल्याचा दंड. मला कळेचना. हे तर झिरो बॅलन्स खातं!

त्या दिवशी मी खात्यात उरलेले 1,290 रुपये रागारागानं काढून घेतले आणि कुणाला काही बोलले नाही. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. घरात औषधांचा रुपयान् रुपयाचा हिशेब मी ठेवते, आणि माझ्याच खात्यातून जवळजवळ 1,900 रुपये दंडात गेले. आपलीच चूक, आपणच निस्तरायची, असं वाटून मी दोन दिवस गप्प होते.

सासऱ्यांना बोलता बोलता सांगितलं. अण्णा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "डेपोत कॅश जमा करताना आठ रुपये शॉर्ट आले तर आम्ही खिशातून आठच भरायचो गं. हे पंधराशे-दोन हजार कुठल्या हिशेबानं घेतात, ते तरी विचारून ये." माझ्या मनातली लाज तिथे बरीच कमी झाली.

14 जुलैला पोवई नाक्याच्या पुढच्या शाखेत गेले. टोकन घेऊन पाऊण तास बसले. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. "मॅडम, हे सिस्टीममधून आपोआप कापलं जातं. तुमची होम ब्रँच पुण्याची आहे, तिथे जाऊन विचारा, नाहीतर कस्टमर केअरला फोन करा." त्याच्याकडून एक गोष्ट मात्र कळली. तीन महिने पगार जमा झाला नाही म्हणून माझं खातं 1 जूनपासून साध्या बचत खात्यात बदललं होतं आणि आता त्यात महिन्याला सरासरी 10,000 रुपये ठेवणं बंधनकारक होतं. नोकरी सोडलेल्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. पगाराचं खातं पगार थांबला की पगाराचं राहत नाही.

"मला कळवलं का नाही?" असं विचारल्यावर तो म्हणाला, ईमेल गेला असेल. नंतर उलगडा झाला. बँकेकडे नोंदवलेला ईमेल माझ्या जुन्या कंपनीचा होता. नोकरी सुटली त्याच दिवशी तो बंद झाला होता. ही माझ्याकडची चूक. पण मोबाइल नंबर तोच होता, आणि ज्या एसएमएससाठी पैसे कापले होते त्या एसएमएसनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी फॉर्म भरून ईमेल बदलला.

17 जुलैला कस्टमर केअरला फोन केला. पंचवीस मिनिटं लाइनवर होते, मग तक्रार क्रमांक मिळाला. तो आणि फोनची वेळ वहीत लिहून ठेवली. आठवड्यानं उत्तर आलं: चार्जेस बँकेच्या दरपत्रकाप्रमाणे लागलेले आहेत, तक्रार बंद करण्यात येत आहे. दोन ओळींचं उत्तर.

मधल्या काळात फायनान्स कंपनीकडे हप्त्याचं खातं बदलायचा अर्ज दिला. रद्द केलेला चेक आणि नवीन मँडेटचा, म्हणजे खात्यातून हप्ता कापायच्या परवानगीचा, फॉर्म लागला. तीन ते चार आठवडे लागतील म्हणाले. त्यामुळे ऑगस्टचा हप्ता जुन्याच खात्यातून द्यावा लागला. 1 ऑगस्टला 3,200 टाकले, 2 तारखेला हप्ता व्यवस्थित गेला, 63 रुपये 50 पैसे उरले. मग 10 ऑगस्टला जुलै महिन्याचा किमान शिलकीचा दंड म्हणून 648 रुपये कापले गेले.

ॲपमध्ये शिल्लक दिसत होती उणे 584 रुपये 50 पैसे.

बचत खातं निगेटिव्ह झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी एक रुपयाचंही कर्ज त्या बँकेकडून घेतलं नव्हतं, आणि आता मी तिची देणेकरी. त्या रात्री झोप लागली नाही. सिबिलचा आकडा, म्हणजे कर्ज देताना बघतात तो पतीचा गुणांक, खराब होईल, पुढे घराचं कर्ज मिळणार नाही, इथपर्यंत विचार गेले. (सप्टेंबरमध्ये वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट रिपोर्ट काढून पाहिला. त्यात काही वाईट नोंद नव्हती. ही भीती असेल तर आधी तो रिपोर्ट काढा, निदान नक्की काय ते कळतं.)

झोप येत नव्हती म्हणून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर शोधत बसले आणि 20 नोव्हेंबर 2014 चं एक परिपत्रक सापडलं. किमान शिलकीच्या दंडाबद्दलचं. ते 1 एप्रिल 2015 पासून लागू झालं होतं. त्याचा अर्थ माझ्या शब्दांत सांगते. शिल्लक कमी पडली तर बँकेनं ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं स्पष्ट कळवायचं, आणि शिल्लक भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. त्यानंतरच दंड. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात असावा. आणि निव्वळ या दंडामुळे बचत खातं निगेटिव्ह होता कामा नये.

शेवटचं वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं. बँकेचा दंड कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के होता, म्हणजे प्रमाणाची अट पाळलेली होती. पण जूनच्या कमी शिलकीचा दंड 12 जुलैलाच कापला होता, महिन्याची मुदत कुठेच नव्हती. आणि खातं निगेटिव्ह झालं होतं ते फक्त दंडामुळे.

तोवर मी सगळ्यांना "इतके पैसे कसे कापता?" एवढंच विचारत होते. त्यावर "दरपत्रकात आहे" हे उत्तर तयार असतं. हप्ता परत गेल्याचा चार्ज किती असावा, यावर रिझर्व्ह बँकेनं आकडा घालून दिलेला नाही. त्यामुळे 590 जास्त आहेत, हे म्हणणं मला कितीही खरं वाटलं तरी त्यावर भांडून हाती फारसं लागत नाही. अमुक परिपत्रकातली अमुक अट तुम्ही पाळली नाही, असं लिहिलं की मात्र कुणाला तरी फाइल उघडावी लागते.

14 ऑगस्टला लेखी अर्ज दिला. मराठीतच. एक पान. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, चार कापण्यांच्या तारखा आणि रकमा, परिपत्रकाची तारीख, आणि तीन मागण्या: किमान शिलकीचे दोन्ही दंड परत करा, दुसऱ्यांदा हप्ता परत गेल्याचा चार्ज परत करा, आणि खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या. सोबत स्टेटमेंट जोडलं आणि आक्षेपाच्या ओळींवर पिवळी खूण केली. काउंटरवर म्हणाले, इंग्रजीत द्या. मी म्हटलं, नाही, हाच अर्ज घ्या आणि माझ्या प्रतीवर पोच द्या. जरा वेळ गेला, पण शिक्का, तारीख आणि सही मिळाली. ही पोच पुढे फार कामाला आली. दुसरी प्रत पुण्याच्या शाखेला स्पीड पोस्टनं पाठवली, 41 रुपये. तिसरी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेलनं. प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाचं पान असतं, अगदी तळाला, बारीक अक्षरात. तिथे हे पत्ते मिळतात.

मूलभूत बचत खात्याबद्दल दोन ओळी. या खात्यात किमान शिलकीची अट नसते. आधीचं बचत खातं त्यात बदलून घेता येतं, फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. शाखेत मला सांगितलं, "ते जनधनवाल्यांसाठी असतं." तसं नाही, ते कुणालाही मिळतं. मी फॉर्म मागत राहिले. 21 ऑगस्टला खातं बदललं आणि ऑगस्टचा दंड लागला नाही. मार्चमध्येच हा एवढा एक फॉर्म भरला असता तर, असं अजूनही मनात येतं.

त्याच महिन्यात राज्यसभेतल्या एका उत्तराची बातमी वाचली. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी 2018 पासून किमान शिलकीच्या दंडातून 21,000 कोटींहून जास्त रक्कम गोळा केली होती. वाचून मला माझ्या लाजेचे ते दोन दिवस आठवले. किती घरांत लोक असेच गप्प बसले असतील. दहा हजार ज्याच्या खात्यात राहत नाहीत त्याच्याचकडून हा दंड घेतला जातो.

29 ऑगस्टला नोडल अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून उत्तर आलं. खातं बदलल्याची सूचना 18 एप्रिलला नोंदणीकृत ईमेलवर पाठवली होती, दंड नियमानुसार आहे, तरीही सद्भावना म्हणून एका वेळचे 590 रुपये परत करत आहोत. ते जमा झाले आणि शिल्लक 5 रुपये 50 पैसे दिसू लागली. घरात सगळे म्हणाले, झालं ना, आता सोड. मलाही वाटलं सोडावं. पण उत्तरात एक महिन्याच्या मुदतीबद्दल शब्द नव्हता, खातं निगेटिव्ह झाल्याबद्दलही नव्हता. आणि सद्भावना हा शब्द मला लागला. मी मेहेरबानी मागितली नव्हती.

4 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. नोव्हेंबर 2021 पासून एकात्मिक लोकपाल योजना आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर मोबाइलचा ओटीपी टाकून फॉर्म भरायचा. मला तासभर लागला, त्यातला निम्मा वेळ पोच आणि स्टेटमेंटचे फोटो पीडीएफ करण्यात गेला. ते आधी तयार ठेवा. बँकेकडे पहिली लेखी तक्रार कधी केली, ही तारीख विचारतात, तिथे पोचेवरची तारीख टाकली. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्राला पत्र पाठवता येतं, आणि 14448 वर फोन केला तर मराठीतही माहिती देतात. मी एकदा फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी घाई न करता समजावलं.

एक महत्त्वाचं: बँकेनं चार्ज किती ठेवावा हा तिचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि तसली तक्रार लोकपाल घेत नाहीत. म्हणून तिथे "चार्ज जास्त आहे" असं एकदाही लिहिलं नाही. सेवेतली त्रुटी म्हणून दोनच मुद्दे लिहिले: मुदत दिली नाही आणि दंडामुळे खातं निगेटिव्ह केलं.

मग शांतता. गणपती आले, गेले. पोर्टलवर स्थिती तीच दिसायची. मी दर सोमवारी बघायचे, त्यापेक्षा जास्त वेळा बघायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

3 ऑक्टोबरला, वर्ग चालू असताना, बँकेच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. अधिकारी फार अदबीनं बोलले. "मॅडम, आम्ही दोन्ही दंड परत करतो, तुम्ही तक्रार मागे घेतल्याचा ईमेल करा." मी म्हटलं, आधी पैसे जमा होऊ देत आणि काय परत करताय ते ईमेलवर लिहून द्या, मग मी उत्तर देते. हे बोलताना आवाज कापत होता, समोर पंधरा मुलं बसली होती. पण असा फोन आला तर हेच करा. तक्रार आधी मागे घेऊ नका.

6 ऑक्टोबरला 678 आणि 648 मिळून 1,326 रुपये जमा झाले. ईमेलही आला. 19 ऑक्टोबरला लोकपाल कार्यालयाकडून कळलं की बँकेनं तक्रारीचं निवारण केल्यामुळे प्रकरण बंद करण्यात आलं आहे. पहिल्या मेसेजपासून 109 दिवस.

कापलेल्या 2,506 पैकी 1,916 परत आले. पहिल्या वेळचे 590 गेले ते गेले. त्या दिवशी पैसे कमी होते हे खरं असल्यानं ते मी मागितलेच नव्हते. फायनान्स कंपनीचे 450 परत मिळाले नाहीत. त्यांना दोनदा ईमेल केला, उत्तर आलं नाही. झेरॉक्स, पोस्ट, शाखेच्या चार फेऱ्या मिळून दोनशेच्या आसपास खर्च झाला, आणि तीन दिवस शिकवणीचे वर्ग पुढे ढकलावे लागले.

7 नोव्हेंबरला, दिवाळीच्या आठवड्यात, खातं बंद करायला गेले. काउंटरवर तोच जुलैमधला मुलगा होता. त्यानं ओळखलं. डेबिट कार्ड आणि उरलेले चेक कापून दिले, फॉर्मवर सही केली. त्यानं स्टेटमेंट वर-खाली करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, ते परिपत्रक कुठल्या तारखेचं म्हणालात? माझ्या आईचं खातं दुसऱ्या बँकेत आहे, तिचेही कापतात." मी त्याच्या टोकनच्या चिठ्ठीमागे तारीख लिहून दिली.